हातभर अंतरावर निःशब्द

४ फेब्रुवारी

ही वही कामाची होती. पहिल्या अकरा पानांवर स्क्रूंची मापं आणि नळ्यांच्या लांब्या आहेत. बाराव्या पानापासून ती माझी झाली, कारण आज एका गिऱ्हाइकावर मी मनातून भयंकर चिडले, तोंडावर काही बोलता आलं नाही, आणि मनातलं ओकल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही.

मी छोटे कॉम्प्युटर बनवते. छोटे म्हणजे बुटांच्या खोक्याएवढे, पण ताकदीला मोठ्यांच्या तोडीचे. एवढ्याशा डब्यात उंच पंखा मावत नाही, म्हणून पाणी खेळवावं लागतं. प्रोसेसरच्या डोक्यावर मोठ्या लिंबाएवढा पंप, त्यातून निघणाऱ्या दोन नळ्या, आणि डब्याच्या कडेला पातळसा रेडिएटर. पाणी फिरतं, उष्णता वाहून नेतं. सगळं छान आहे, फक्त पंप गुणगुणतो. त्याला गप्प करणं ही माझी खासियत. प्रत्येक डब्याबरोबर मी सही केलेलं कार्ड देते: ‘हातभर अंतरावर निःशब्द. मी स्वतः ऐकून पाहिलं आहे.’

तर आज ते रेकॉर्डिंगवाले काका डबा परत घेऊन आले. अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. खोली कपाटाएवढी, त्यामुळे कॉम्प्युटर माइकच्या शेजारीच ठेवावा लागतो. म्हणे गुणगुण येते.

मी त्यांच्यासमोर दोन्ही परीक्षा घेतल्या. पहिली, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर. पंपाच्या पोटातलं सगळं ऐकू येतं, अगदी हवेचा बुडबुडासुद्धा. हा पंप ठणठणीत होता. दुसरी, दार-खिडक्या लावून, डोळे मिटून हातभर अंतरावर बसायचं. काही म्हणजे काही ऐकू येता कामा नये. नाहीच आलं.

“मला आवाज ऐकू येतोय हो, ताई,” काका बुटांकडे बघत म्हणाले. वर आणखी, “तुम्ही फार हळू बोलता. मला दोनदा विचारावं लागतं.” म्हणजे यांना पंप ऐकू येतो आणि मी ऐकू येत नाही! काय म्हणावं?

डबा ठेवून घेतलाय. पंपाखाली रबराच्या चकत्या घालून बघते.

९ फेब्रुवारी

चकत्या घातल्या. तशी गरज नव्हती. बाळंतपणानंतर पुन्हा कामाला लागले तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं की नव्या पंपांची जात सुधारलीय. पूर्वी मला प्रत्येक पंपाचा वेग कमी करत करत साठ टक्क्यांवर आणावा लागे, तेव्हा कुठे तो गप्प बसायचा. आता पूर्ण वेगात ठेवला तरी चिडीचूप. त्यामुळे गेल्या तीन महिन्यांत दिलेले पाचही डबे मी पूर्ण वेगावर लावून दिलेत. प्रोसेसर आणखी थंड राहतो. आंधळा मागतो एक डोळा, अशी गत.

ठमी सहा महिन्यांची झाली. (कागदोपत्री नाव वेगळं आहे. घरात ठमीच, कारण गाल.) एवढं शहाणं बाळ मी पाहिलेलं नाही. धाकटी बहीण फोनवर म्हणते, “ताई, माझ्याकडे दिवसभर भोंगा चालू असतो, तुझी कशी गं रडत नाही?” मी म्हटलं, नशीब लागतं. इंजेक्शनच्या दिवशी तेवढी रडली, तेसुद्धा तोंड केवढं वासून आणि आवाज केवढासा! काकांच्या म्हणण्याप्रमाणे मी हळू बोलते ना, माझ्यावर गेलीय.

एकच गोष्ट सलते. तिला भूक लागली, तिचा लंगोट ओला झाला, ती उठली, हे सगळं सासूबाईंना माझ्या आधी कळतं. मी कामाच्या खोलीत असले की दार ढकलून, तिला कडेवर घेऊन उभ्या. “भुकेली आहे बघ.” रात्रीही तिला स्वतःजवळ घेतात. “तू दमतेस, मला तशीही झोप नसते.” प्रेमानंच म्हणतात. पण पोटच्या पोरीची भूक मला शेजारणीच्या निरोपासारखी दुसऱ्याकडून कळावी?

नवरा जहाजावर आहे, अजून पाच महिने. त्याला फोनवर सांगितलं तर मागे इंजिन धडधडत असताना ओरडून म्हणाला, “अगं, आजीच ती, करू दे!” त्याचं बोलणं मात्र शब्दन् शब्द कळतं. बाकी जग हल्ली पुटपुटतं.

१३ फेब्रुवारी

सासूबाईंनी आज इलेक्ट्रिशियनला बोलावून दाराची घंटाच काढून टाकली. त्याऐवजी दोन दिवे. बाहेर कोणी बटण दाबलं की एक स्वयंपाकघरात लागतो आणि एक बरोबर माझ्या कामाच्या टेबलासमोर. “घंटेनं ठमी दचकते,” म्हणाल्या. ठमी कशालाही दचकत नाही, पण म्हटलं असू दे.

हल्ली त्यांच्या आणखी एका सवयीचा मला कंटाळा आलाय. काही बोलायचं असलं की आधी जवळ येऊन खांद्यावर हात ठेवतात, मी वळून बघेपर्यंत थांबतात, आणि मग बोलतात. “भाजीत मीठ घालू का?” एवढ्यासाठी! एकदा हातातला स्क्रू रेडिएटरच्या पात्यांत पडला, तो काढण्यात माझी दुपार गेली.

दुपारी बाजारात गेले होते. तिथे इतका गलका, तरी मला सगळ्यांचं सगळं ऐकू येत होतं. भाजीवाली म्हणाली, “तुमचे कान तिखट आहेत हो.” धंदाच आहे तो माझा, म्हटलं.

१८ फेब्रुवारी

डबा पुन्हा परत आला. काकांनी सोबत रेकॉर्डिंगही पाठवलंय. मी हेडफोन लावून आवाज पूर्ण वाढवून ऐकलं. त्यांच्या वाचनाच्या मागे खरंच एक घरघर आहे. पण ती त्यांच्या वायरिंगची असणार. डब्याची परीक्षा मी पुन्हा चारदा घेतली. पाण्यात हवा नाही, बेअरिंग लोण्यासारखं, आणि हातभर अंतरावर शांत.

त्यांनी चिठ्ठीत लिहिलंय: ‘पैसे परत नकोत, ताई. डबा चांगला आहे. पण सहा पुस्तकं परीक्षेच्या आधी मुलांच्या हातात पडायला हवीत आणि माझ्या जुन्या कॉम्प्युटरचा पंखा म्हणजे पिठाची गिरणी आहे. काहीतरी करा.’

मी चिडूच शकत नाही अशा सुरात हा माणूस तक्रार करतो, याचाच मला राग येतो.

आणि खरं सांगायचं तर धास्तीही वाटते. माझ्याकडे दुकान नाही, पाटी नाही. एकाने दुसऱ्याला सांगायचं, “तिचे डबे ऐकूच येत नाहीत,” यावर माझं सगळं चाललंय. ते कार्ड खोटं ठरलं तर माझ्याकडे उरलं काय?

२१ फेब्रुवारी

आज नको ते बोलून बसले.

काम सोडून मुद्दाम ठमीच्या पाळण्यापाशी बसले होते. ठरवलंच होतं, आज ती उठली की मीच घेणार. बसल्या बसल्या डुलकी लागली. डोळे उघडले तर पाळणा रिकामा आणि सासूबाई खिडकीशी तिला थोपटतायत. माझ्या पुढ्यातून उचलून नेली!

मी म्हटलं, “आई, तिची आई मी आहे की तुम्ही?”

त्यांनी ठमीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत काहीतरी म्हणाल्या. काय ते कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. ठमीला माझ्या मांडीवर ठेवून आत गेल्या.

जेवताना एकटी ठमी चमचा आपटत होती. मला माझीच लाज वाटत होती आणि तरी माफी मागवेना.

२६ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहिते.

काका सकाळी अकराला आले, माइक घेऊन. म्हणाले, वाद नको, आपण तुमच्याच खोलीत मोजू. मला पटलं. यंत्रानं सांगितलेलं मला नेहमीच पटतं. ठमी बाहेरच्या खोलीत झोपली होती, सासूबाई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या होत्या. मी दार घट्ट लावलं. डबा टेबलावर, माइक हातभर अंतरावर, आणि काकांच्या लॅपटॉपवर आवाजाची रेघ. मी म्हटलं, “दोन मिनिटं अगदी शांत बसू. हललंसुद्धा नाही पाहिजे.”

बसलो. रेघ सपाट नव्हती. बारीक कंगोरे होते, एकसारखे. ती गुणगुण. स्क्रीनवर अगदी स्वच्छ दिसत होती आणि मला ऐकू येत नव्हती. मी मनात त्यांच्या माइकला नावं ठेवत होते.

तेवढ्यात रेघ उसळली. कंगोऱ्यांवर एक मोठा फुगवटा, मग खाली, मग आणखी मोठा. खोलीत कोणी बोलत नव्हतं. पुन्हा एक, पुन्हा एक. मला वाटलं, आता पकडलं! वायरमध्येच दोष आहे यांच्या. मी खुशीत स्क्रीनकडे बोट दाखवलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते पाहणं मी विसरणार नाही. एकदा दाराकडे, एकदा माझ्याकडे. मी ओठांवर बोट ठेवलं. ते बिचारे गप्प बसले.

शेवटी त्यांना राहवेना. “ताई, तुम्हाला जायचं नाही का?”

“कुठे?”

“बाळ रडतंय ना.”

मी म्हटलं, “छे, ती रडत नाही कधी.” आणि म्हणता म्हणता पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. फुगवटा, खाली, श्वासाएवढी जागा, फुगवटा.

दार उघडलं. ठमी पाळण्यात लालबुंद झाली होती. तोंड वासलेलं, मुठी आवळलेल्या, उशी ओली. आवाज मात्र मला लांबून कुठूनतरी आल्यासारखा, पातळ. मी तिला उचलून घट्ट धरलं, तिचं डोकं माझ्या कानामागे टेकलं, आणि एकदम सगळं आत शिरलं. त्याच हाडातून, ज्याच्यावर मी स्क्रूड्रायव्हर टेकवते. केवढा मोठा आवाज आहे माझ्या मुलीला! केवढी रडते ती!

मी तिथेच जमिनीवर बसले. सहा महिन्यांत ती किती वेळा रडली असेल आणि मी भिंतीपलीकडे पंप शांत आहे म्हणून खूश होत बसले असेन, एवढंच मनात येत होतं.

सासूबाई बादली जिन्यातच टाकून धावत आल्या. आम्हाला दोघींना पाहिलं आणि त्यांना कळलं. मलाही कळलं की त्यांना आधीपासून माहीत होतं.

काका निघताना म्हणाले, “ते रेकॉर्डिंग पुसतो मी.” मी म्हटलं, नका पुसू. एक मिनिट चाळीस सेकंद आहे ते. माझ्याकडे राहू दे.

२७ फेब्रुवारी

काल दिवसभर मी सासूबाईंशी बोलले नाही. आज सकाळी त्यांनी खांद्यावर हात ठेवला, मी वळले, आणि आधी मीच बोलले. “कधीपासून माहीत होतं?”

“ठमी दोन महिन्यांची असल्यापासून.”

“आणि मला सांगितलं नाहीत? चार महिने मला वेड्यात काढलंत?”

मी फार मोठ्यानं ओरडले असेन, कारण ठमी माझ्याकडे टकामका बघायला लागली. सासूबाई मात्र ओरडल्या नाहीत. नेहमीसारख्या माझ्या समोर, उजेडात बसल्या आणि सावकाश बोलल्या.

“माझ्या आईला माझ्या धाकट्या भावाच्या बाळंतपणानंतर ऐकू येईना. त्यानंतर घरात तिच्याशी कोणी बोललंच नाही गं, सगळे ओरडले. ‘जेवलीस का’ हेसुद्धा भांडल्यासारखं. मीपण तशीच. हळूहळू तिनं उत्तर द्यायचं सोडलं, मग विचारायचंही. शेवटी शेवटी ती नुसती भांडी घासायची.” त्यांनी ठमीचं टोपडं सारखं केलं. “तू तर कानांवरच उभी आहेस. तुला सांगितलं आणि तू पण अशी गप्प झालीस तर? म्हटलं, माझे कान काय, रिकामेच आहेत. आपण आहोत तोवर आपण ऐकू. चुकलं माझं. रोज सांगायचं ठरवायचे आणि रोज जीभ रेटायची नाही.”

मला त्या घंटेच्या दिव्याची आठवण झाली. भाजीतल्या मिठाची झाली. खांद्यावरच्या हातावर मी किती वैतागले होते, ते वर लिहिलंय, खोडणार नाही.

“त्या दिवशी खिडकीपाशी काय म्हणालात?”

“कुठल्या दिवशी?”

“मी नको ते बोलले तेव्हा. पाठ फिरवलीत तुम्ही.”

त्या हसल्या आणि डोळे पुसले. “तूच आहेस बाई, असं म्हटलं. तुझ्या तोंडावर म्हणायला गेले असते तर रडलेच असते.”

मग आम्ही दोघीही रडलो. ठमी तेवढी रडली नाही, मी तिच्याकडे बघून खात्री करून घेतली.

३ मार्च

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी चिमट्यासारखं काहीतरी वाजवून कानासमोर धरलं. काही नाही. त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवली. खणखणीत! मी म्हटलं, ही तर माझीच पहिली परीक्षा. त्यांना आधी कळेना, मग मी स्क्रूड्रायव्हरचं सांगितलं तेव्हा खो-खो हसल्या.

कानाच्या आत एक तांदळाच्या दाण्याहून लहान हाड असतं, ते हलेनासं झालंय. हवेतून आलेला आवाज तिथेच अडतो, हाडातून आलेला आडवाटेनं आत पोचतो. म्हणून मी पंपाच्या पोटातलं ऐकत होते आणि शेजारच्या खोलीतलं नाही. गलक्यात लोक मोठ्यानं बोलतात म्हणून बाजारात बरं ऐकू येतं, आणि स्वतःचा आवाज आतून मोठा वाटतो म्हणून मी हळू बोलते. माझ्या एकेका फुशारकीचा निकाल त्यांनी शांतपणे लावला. हे बऱ्याच जणींना बाळंतपणात वाढतं म्हणाल्या. आत्ता कानाला यंत्र, पुढे ठमी जरा मोठी झाली की ऑपरेशन.

येताना सासूबाईंनी माझा हात धरला होता. रस्ता ओलांडताना एवढंच निमित्त, पण ओलांडून झाल्यावरही सोडला नाही.

६ मार्च

काका सोडून बाकीच्या चारही गिऱ्हाइकांना फोन केले, स्पीकर लावून. “माझी चूक झाली, पंपाचा वेग जास्त ठेवला गेलाय, डबा घेऊन या.” तिघं म्हणाले, गुणगुणतो खरा, पण तुमचं कार्ड बघून वाटलं आपल्यालाच भास होतोय. हे ऐकून मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एकाने मात्र, “मला त्या आवाजाची सवय झालीय, राहू दे,” म्हणून डबा आणायला साफ नकार दिला.

काकांचा डबा आधी घेतला. आता दुसऱ्या परीक्षेला सासूबाई. खुर्ची हातभर अंतरावर, डोळे मिटलेले, मांडीवर ठमी. मी वेग ऐंशीवर आणला.

“येतोय.”

सत्तर.

“येतोय. मांजर घोरल्यासारखा.”

साठ.

“अजून आहे. अगदी थोडा.”

“आई, साठला नेहमी बंद होतो हो.”

“तुला ऐकू येतंय की मला?”

मी निमूटपणे पंपाचे स्क्रू सैल केले, चकत्या बदलल्या, नळी पत्र्याला घासत होती ती वळवून बांधली. पंचावन्नवर आणलं. त्यांनी मान तिरकी करून कान दिला. मग म्हणाल्या, “आता तुझं घड्याळ ऐकू येतंय.” माझ्या मनगटावरचं! मी एवढी कडक कधीच नव्हते.

नवं कार्ड लिहिलं: ‘हातभर अंतरावर निःशब्द. सासूबाईंनी ऐकून पाहिलं आहे.’ खाली दोघींच्या सह्या. त्यांनी आधी रद्दीवर चारदा सराव करून मग सही केली.

११ मार्च

काकांची चिठ्ठी. ‘पहिलं पुस्तक पुरं झालं. मागे आता फक्त माझा श्वास ऐकू येतो, त्याला तुमच्याकडे काही उपाय आहे का?’ सासूबाईंनी ती चिठ्ठी आपल्या सुपारीच्या डब्यात जपून ठेवलीय.

२० मार्च

आज यंत्र मिळालं. डाव्या कानामागे वालाच्या दाण्याएवढं.

घर इतकं गोंगाटाचं आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कागद कुरकुरतो, नळ ठिबकतो, माझ्या चपला फटफटतात. सासूबाई काम करताना गुणगुणतात, आणि सुरात अजिबात नाही. चार महिने मी या मैफलीला मुकले होते. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, “काढून ठेव मग ते यंत्र.”

दुपारी नव्या डब्यावर काम करत होते. पंप साठावर होता. एकदम एक बारीक, ताणलेला आवाज सुरू झाला. मी पंप पन्नासवर आणला. आवाज तसाच. चाळीस. तसाच. आख्खा डबा बंद केला, तरी आवाज चालूच. मी स्क्रूड्रायव्हर शोधायला लागले, आणि हात तसाच थांबला.

मी दार उघडलं. सासूबाई पलीकडच्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या, एक हात खुर्चीच्या दांड्यावर, एक पाय पुढे. त्यांनी मला पाहिलं. तशाच क्षणभर थांबल्या. मग परत खाली बसल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

मी पाळण्यापाशी पोचले तेव्हा ठमी अजून रडतच होती.